इमर्जन्सीत पोटाचं ऑपरेशन झालंय, टाके पिकू नयेत म्हणून काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपेंडिक्स फुटलं, जठराला किंवा आतड्याला भोक पडलं, आतड्याला पीळ बसला, अपघातात पोटाला मार लागला, अशा वेळी तारीख बघून ऑपरेशन करता येत नाही, काही तासांत पोट उघडावं लागतं. जीव वाचला की दुसऱ्याच दिवसापासून नातेवाईकांचे प्रश्न सुरू होतात ते टाक्यांचे. वॉर्डात जे जे विचारलं जातं ते इथे एकत्र लिहून ठेवतोय. हे वाचून डॉक्टरांकडे जाणं टाळायचं नाही, काय विचारायचं ते कळावं एवढाच उद्देश.

टाके पिकले म्हणजे नक्की काय झालं?

जखमेत जंतू वाढले आणि शरीराने त्यांच्याशी भांडायला सुरुवात केली, त्यातून लाली, सूज, दुखणं, पू. पण सगळं इन्फेक्शन एका खोलीवर नसतं. कधी फक्त कातडी आणि तिच्याखालची चरबी, कधी त्याखालचा स्नायू आणि त्याचं आवरण, आणि कधी थेट पोटाच्या आत पू साठतो, बाहेरून टाके एकदम छान दिसत असतात आणि पेशंटला मात्र रोज संध्याकाळी ताप. या तिसऱ्या प्रकाराला लोक 'टाके पिकले' म्हणत नाहीत पण तोही त्याच कुटुंबातला, आणि सगळ्यात त्रासदायक तोच. ऑपरेशननंतर साधारण ३० दिवसांच्या आत झालं तर ते ऑपरेशनच्या जागेचं इन्फेक्शन धरतात. म्हणजे डिस्चार्ज मिळाला की विषय संपला असं नसतं, बरीच इन्फेक्शन घरी गेल्यावरच दिसतात.

ठरवून केलेल्या ऑपरेशनपेक्षा इमर्जन्सीत हे जास्त का होतं?

कारण घाण आधीच बाहेर पडलेली असते. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू आहेत आणि ते आत असेपर्यंत कुणाला काही त्रास नाही, पण आतडं फुटलं की तेच ई. कोलाय, बॅक्टेरॉइड्स वगैरे पोटभर पसरतात आणि बाहेर काढताना जखमेच्या कडांना लागतात. सर्जन लोक जखमेचे चार वर्ग करतात, स्वच्छ, जवळजवळ स्वच्छ, दूषित आणि घाण. हर्नियाचं ठरवून केलेलं ऑपरेशन पहिल्या वर्गात, पोटभर पू किंवा शौच पसरलेलं चौथ्यात. त्यात पेशंट आधीच आजारी, उलट्यांनी पाणी कमी झालेलं, बीपी खाली, साखर वर, कातडीला रक्तपुरवठा कमी, आणि तयारीला वेळ नाही. ठरवलेल्या ऑपरेशनला चार आठवडे आधी सिगारेट बंद करा म्हणता येतं, इथे चार तास मिळाले तरी खूप.

आकडे हवेत तर, ६६ देशांमधल्या साडेबारा हजार पोटाच्या ऑपरेशनचा एक अभ्यास २०१८ मधे आला, त्यात एकूण साधारण १२ टक्के लोकांना इन्फेक्शन झालं, पण विकसित देशांत ९ आणि सगळ्यात मागास गटात २३ टक्के. फक्त इमर्जन्सीत मोठा छेद घेऊन केलेली ऑपरेशनं बघितली तर श्रीमंत देशांतही दर चौघांत एकाला होतं असं दिसतं.

म्हणजे इन्फेक्शन झालं तर हॉस्पिटलची चूक?

प्रत्येक वेळी नाही. वरचे आकडे बघा, सगळं नीट करूनही चौथ्या वर्गातली जखम पिकू शकते. पण 'इमर्जन्सी होती, होणारच' असं म्हणून हात झटकणंही बरोबर नाही कारण ज्या गोष्टींनी फरक पडतो त्यातल्या बहुतेक साध्या, स्वस्त आणि कंटाळवाण्या आहेत आणि रात्री तीन वाजता नेमक्या त्याच राहून जातात. वेळेवर अँटिबायोटिक, पेशंट गरम ठेवणं, साखर बघणं, पोट शिवायच्या आधी हातमोजे बदलणं. यात भारी मशीन कुठेच नाही.

ऑपरेशनच्या आधीच्या तासा-दोन तासांत काय करता येतं?

सगळ्यात महत्त्वाचं अँटिबायोटिक आणि त्याहून महत्त्वाची त्याची वेळ. छेद घेतला जातो त्या क्षणी औषध रक्तात आणि कातडीत पुरेसं असायला हवं, म्हणून छेदाच्या आधीच्या तासाभरात द्यायचं असं जागतिक आरोग्य संघटनेच्या सेफ सर्जरी चेकलिस्टमधे आहे, आणि त्यांच्या नंतरच्या मार्गदर्शक सूचना औषधानुसार १२० मिनिटांपर्यंतची मुभा देतात. इमर्जन्सीत गंमत अशी होते की पेशंट कॅज्युअल्टीत आल्याबरोबर अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं, मग सोनोग्राफी, सीटी, रक्ताची सोय, थिएटर रिकामं व्हायची वाट, यात पाच-सहा तास जातात आणि सगळ्यांना वाटतं 'अँटिबायोटिक तर दिलंय'. दिलंय, पण आता ते रक्तात किती उरलंय? सेफाझोलिनसारखं औषध ऑपरेशन लांबलं तर चार तासांनी परत द्यावं लागतं, रक्त खूप गेलं तर त्याही आधी. भूल देणारे डॉक्टर आणि सर्जन दोघांनी चाकू लावायच्या आधी हा एक प्रश्न मोठ्याने विचारला तरी बरंच काम होतं.

बाकी, सलाईन देऊन बीपी सावरणं, साखर १८० च्या खाली आणायचा प्रयत्न आणि पेशंटला पांघरूण. पण ही तयारी करायची म्हणून ऑपरेशनच ढकलत न्यायचं असं नाही, पोटात शौच पसरत असेल तर ते थांबवणं हाच सगळ्यात मोठा इन्फेक्शन कंट्रोल.

नातेवाईकांनी त्या वेळी काय करायचं?

माहिती द्यायची, पटापट आणि खरी. डायबिटीस आहे का, कुठल्या अँटिबायोटिकची ॲलर्जी, दमा किंवा संधिवातासाठी स्टिरॉइड चालू आहेत का, रक्त पातळ करायची गोळी, तंबाखू-सिगारेट-दारू, आधी कधी टाके पिकले होते का. तंबाखूचं पेशंट स्वतः सांगत नाही, घरच्यांनी सांगावं, कुणी रागावत नाही. गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाकून आणल्या तर सगळ्यात उत्तम.

पोटावरचे केस घरीच रेझरने काढून टाकू का?

नको. ब्लेडने कातडीला बारीक ओरखडे पडतात आणि त्यात जंतू वाढतात. गरज नसेल तर केस काढतच नाहीत, असेल तर क्लिपर मशीनने.

थिएटरमधे नक्की काय काळजी घेतात? आम्हाला आत तर काही दिसत नाही.

कातडीवर आधी जंतुनाशक लावतात, बऱ्याच ठिकाणी स्पिरिट मिसळलेलं क्लोरहेक्सिडिन. जागतिक आरोग्य संघटना तेच सुचवते, पण भारतासह सात देशांत जवळपास ५,८०० पेशंटवर झालेल्या फाल्कन नावाच्या चाचणीत (२०२१) क्लोरहेक्सिडिन आणि पोव्हिडोन आयोडिन यात फरक दिसला नाही, आणि जंतुनाशक लावलेला महागडा धागा वापरूनही काही फायदा दिसला नाही. त्यामुळे 'आमच्या पेशंटला तो भारी धागा का नाही वापरला' यावर माझं उत्तर, त्याने फार काही बिघडलं नसावं. कुठलंही लावा पण ते पूर्ण वाळू द्या हे जास्त महत्त्वाचं, स्पिरिट ओलं असताना कॉटरी (विजेच्या उष्णतेने कापायचं आणि रक्त थांबवायचं अवजार) लावली तर आग लागायचा धोका असतो, ही भीती घालायची गोष्ट नाही, असं खरंच घडतं.

मग हातमोजे. आतडं हाताळलेले मोजे आणि तीच अवजारं घेऊन कातडी शिवणं किती विचित्र आहे हे सांगायला खरं तर संशोधन लागू नये, पण ते झालं आणि बरं झालं. चीता नावाची चाचणी, २०२२, पुन्हा भारतासह सात देश, ८१ हॉस्पिटलं, तेरा हजारांवर पेशंट. पोट शिवायच्या आधी सगळ्या टीमने मोजे बदलायचे आणि नवीन अवजारं घ्यायची, बस. इन्फेक्शन १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. आकडा लहान वाटेल पण हिशोब करा, शंभर ऑपरेशनमागे जवळजवळ तीन जण इन्फेक्शनपासून वाचतात, आणि त्याला लागतं काय तर काही जोड्या मोजे आणि बाजूला झाकून ठेवलेला एक अवजारांचा सेट! या सगळ्या यादीतली एकच गोष्ट उद्यापासून सुरू करायची असेल तर मी ही निवडेन.

पेशंटला गरम ठेवणं हा अजून एक दुर्लक्षित मुद्दा. थिएटर थंड, पोट उघडं, सलाईन थंड, भूल दिलेली, शरीराचं तापमान झपाट्याने उतरतं, कातडीच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि जखमेला ऑक्सिजन कमी पोचतो. १९९६ च्या एका अभ्यासात मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनमधे थंड पडलेल्यांपैकी १९ टक्क्यांना आणि गरम ठेवलेल्यांपैकी ६ टक्क्यांना इन्फेक्शन झालं होतं. तो अभ्यास दोनशेच लोकांचा होता, आकडा जसाच्या तसा धरू नका, पण ३६ डिग्रीच्या खाली जाऊ द्यायचं नाही यावर आता सगळ्यांचं एकमत आहे. कोमट सलाईन आणि गरम हवेचं ब्लँकेट, एवढंच.

जखमेच्या कडांना लावायची प्लास्टिकची रिंग, वूंड प्रोटेक्टर म्हणतात, तिच्याबद्दल मतभेद आहेत. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वापरायला हरकत नाही, पण ब्रिटनमधे ७६० पेशंटवर झालेल्या रोसिनी चाचणीत दोन्हीकडे २५ टक्क्यांच्या आसपासच इन्फेक्शन निघालं. आणि पोट अँटिबायोटिक घातलेल्या पाण्याने धुणं, याला संघटनेचा पाठिंबा नाहीच.

दुर्बिणीतून केलं तर टाके पिकत नाहीत ना?

कमी पिकतात. अपेंडिक्समधे हे स्पष्ट दिसलंय. पण पेशंट खूप खालावलेला असेल, पोट फुगलेलं असेल तर दुर्बीण घालायला जागाच नसते, तिथे हट्ट करू नये.

ऑपरेशन झालं पण वरची कातडी शिवलीच नाही, उघडीच ठेवलीये! असं कसं?

हे बघून घरचे घाबरतात, साहजिक आहे. पण पोटाचा आतला मजबूत थर शिवलेला असतो, आतडी उघडी नसतात, फक्त कातडी आणि चरबी मोकळी ठेवून ड्रेसिंग करतात. खूप घाण झालेल्या जखमेत कातडी लगेच बंद केली तर आत जंतू कोंडले जातात, म्हणून तीन ते पाच दिवस रोज बघून, जखम लालसर स्वच्छ दिसली की मग शिवायची. काही सर्जन करतात, काही नाही, पुरावा दोन्ही बाजूंनी आहे आणि पेशंट बघून ठरवायची गोष्ट आहे. उघडी ठेवली म्हणजे काम अर्धवट सोडलं असा अर्थ काढू नका.

त्या मशीनने हवा ओढून घेणाऱ्या ड्रेसिंगचा उपयोग होतो का? खर्च करायला तयार आहोत.

उघड्या जखमेवर त्या मशीनचा उपयोग आहे, जखम लवकर भरून येते, ड्रेसिंग कमी वेळा बदलावं लागतं. पण शिवलेल्या टाक्यांवर, इन्फेक्शन होऊच नये म्हणून? इमर्जन्सी पोटाच्या ऑपरेशनवरच सनराइज नावाची चाचणी ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात झाली, निकाल २०२५ मधे आला, मशीनवाल्यांना २८ टक्के आणि साध्या ड्रेसिंगवाल्यांना २७ टक्के. म्हणजे फरक नाही. खर्च करायला तयार असलेल्या माणसाला 'नको' म्हणणं अवघड जातं, पण त्या पैशात घरी चांगलं खाऊ घाला.

अँटिबायोटिक किती दिवस? पाच दिवसांत बंद केलं, लवकर नाही का झालं?

नाही. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. टाके पिकू नयेत म्हणून दिलेलं अँटिबायोटिक हे ऑपरेशनपुरतंच असतं, नंतर चालू ठेवून फायदा नाही. पोटात आधीच पू किंवा शौच पसरलेलं असेल तर ते उपचार म्हणून पुढे देतात, पण तेही मर्यादित. २०१५ च्या स्टॉप-इट चाचणीत पोटातलं इन्फेक्शनचं मूळ नीट काढलेल्या पेशंटना चार दिवस अँटिबायोटिक आणि साधारण आठ दिवस अँटिबायोटिक असे दोन गट केले, दोन्हीत परिणाम सारखाच. जास्त दिवस दिलं की जुलाब, लिव्हर-किडनीवर ताण, आणि पुढच्या वेळी औषधच लागू न पडणारे जंतू. उलट चार-पाच दिवसांनी ताप उतरत नसेल तर अजून अँटिबायोटिक हे उत्तर नसतं, आत कुठे पू साठलाय का ते शोधायचं असतं. घरी उरलेल्या गोळ्या मनाने सुरू करणं तर अजिबात नाही.

ड्रेसिंग कधी काढायचं? अंघोळ कधी?

पहिले ४८ तास थिएटरमधलं ड्रेसिंग शक्यतो तसंच राहू द्यायचं, भिजलं किंवा सुटलं तरच बदलायचं. त्यानंतर कडा बऱ्यापैकी चिकटलेल्या असतात, डॉक्टर हो म्हणाले की अंगावरून पाणी घेऊन अंघोळ चालते. टाक्यांवर घासायचं नाही, साबणाचं पाणी वाहून गेलं तर काही होत नाही, मग स्वच्छ कापडाने टिपून कोरडं करायचं. टबात, तलावात बसून भिजायचं नाही, जखम पूर्ण भरेपर्यंत. 'टाके काढेपर्यंत अंगाला पाणी नको' हे ऐकून लोक दोन आठवडे घामात बसतात आणि जांघेत फंगस घेऊन येतात.

ड्रेसिंग करणाऱ्याने, मग ती नर्स असो की घरचं माणूस, आधी हात धुवायचे आणि नंतरही. भेटायला आलेल्यांनी जखम उघडून बघायची नाही. हे लिहावं लागतंय यातच सगळं आलं.

टाक्यांवर मलम, पावडर, काही घरगुती लेप?

काही नाही. नीट शिवलेल्या जखमेवर अँटिबायोटिक मलमाची सुद्धा गरज नसते, आणि पावडरने तर खालचं काही दिसेनासं होतं.

शेजारीच शौचाची पिशवी आहे, जखमेत घाण जाईल ना?

जाऊ शकते, म्हणून पिशवी गळू न देणं हेच मुख्य काम. पिशवीचं भोक स्टोमाच्या (पोटावर बाहेर काढलेल्या आतड्याच्या तोंडाच्या) मापाचंच कापायचं, एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची, पूर्ण भरून वजनाने सुटायची वाट बघायची नाही. आणि पिशवी बदलताना आधी जखमेवर ड्रेसिंग झाकलेलं असू द्या, ड्रेसिंगचे आणि पिशवीचे हात वेगळे, मधे धुवून. पोटातली ड्रेनची नळी (आत साठणारं पाणी-पू बाहेर काढणारी) असेल तर तिची बाटली कायम कमरेखाली, आणि नळी कधी काढताय हे रोज विचारा, गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवून काही मिळत नाही.

खाण्यापिण्याचं काय? पथ्य म्हणून पातळच देतोय.

डॉक्टरांनी खायला परवानगी दिली असेल तर पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवू नका, ही मला नेहमी दिसणारी गोष्ट आहे आणि चिडचिड होते. जखम भरायला प्रोटीन लागतं, मोठ्या ऑपरेशननंतर रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. नुसत्या पेजेतून ते जन्मात मिळणार नाही. अंडी, दूध, डाळी, मासे, जे चालतं आणि पचतं ते थोडं थोडं पण वारंवार. किडनीचा आजार असेल तर आकडा डॉक्टरांना विचारून. डायबिटीस असेल तर साखर तपासत राहायची, आजारपणात ती अशीच वाढते आणि कधीकधी डायबिटीस आहे हेच पहिल्यांदा तेव्हा कळतं. सिगारेट-तंबाखू परत सुरू करायचं नाही, निकोटीनने कातडीचा रक्तपुरवठा आवळला जातो आणि जखम अडून बसते.

खोकला आला की टाके तुटतील अशी भीती वाटते, मग पेशंट पडूनच राहतो.

उशी पोटावर घट्ट दाबून धरून खोकायचं. दुखतं म्हणून खोकणंच बंद केलं तर कफ साचून न्यूमोनिया होतो. चालवायचं, जितकं लवकर तितकं बरं. पोटाचा पट्टा आधार वाटत असेल तर वापरा, इन्फेक्शनशी त्याचा संबंध नाही.

काय दिसलं तर धावत यायचं?

आधी काय नॉर्मल ते. पहिले काही दिवस टाक्यांच्या अगदी कडेला थोडी लाली, किंचित सूज, खाज, बधिरपणा, पिवळसर पाण्याचा एखादा डाग, हे चालतं. साधं इन्फेक्शन बहुतेक वेळा पाचव्या-सहाव्या दिवसानंतर डोकं वर काढतं, दुखणं कमी होत आलेलं असताना परत वाढायला लागतं, लाली पसरते, जागा गरम, पू, वास, ताप. तेव्हा त्याच दिवशी दाखवायचं. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवली तर पसरतेय की नाही यावर घरात वाद होत नाहीत.

दोन गोष्टी मात्र एक मिनिटही थांबायच्या नाहीत. एक, ऑपरेशननंतर पहिल्या दोन दिवसांतच भयंकर दुखणं, जेवढं दिसतंय त्यापेक्षा कितीतरी जास्त, कातडी जांभळी-काळसर, फोड, दाबल्यावर करकर, पेशंट गुंगीत. हे मांस सडवणारं इन्फेक्शन असू शकतं आणि तास महत्त्वाचे. दुसरी, पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास अचानक ड्रेसिंग गुलाबी पाण्याने चिंब होणं. पू नाही, दुखत नाही, म्हणून लोक नुसतं ड्रेसिंग बदलतात, पण तो आतला थर उसवल्याचा इशारा असू शकतो. आतडं बाहेर दिसलं तर आत ढकलायचं नाही, सलाईनमधे भिजवलेलं स्वच्छ कापड टाकायचं, पेशंटला झोपवून पाय दुमडून ठेवायचे, तोंडाने काही द्यायचं नाही, ॲम्ब्युलन्स.

रोज हॉस्पिटलला येणं जमत नाही, फोटो पाठवला तर चालेल?

चालेल, जर बघणारं कुणी असेल तर. रोज एकाच उजेडात, एकाच अंतरावरून, आणि सोबत ताप किती, दुखणं कालपेक्षा कमी की जास्त हे लिहायचं. इमर्जन्सी पोटाच्या ऑपरेशनच्या पेशंटवर स्कॉटलंडमधे असा प्रयोग झाला तेव्हा फोनवाल्या गटात पहिल्या आठवड्यातच इन्फेक्शन पकडलं जायचं प्रमाण जास्त होतं. फोटोत खोलातला पू दिसत नाही हे मात्र लक्षात असू द्या.

पू झालाच तर?

एक-दोन टाके सोडून पू बाहेर काढतात, थोडा लॅबला पाठवतात, आणि जखम आतून भरत येईपर्यंत ड्रेसिंग. वरवरचा पू मोकळा झाला आणि ताप, पसरती लाली नसेल तर अनेकदा अँटिबायोटिकही लागत नाही, हे लोकांना पटत नाही पण खरं आहे. आत पू असेल तर सीटी किंवा सोनोग्राफी करून नळीने काढतात, क्वचित परत थिएटर. पिकलेल्या जखमेत पुढे हर्निया व्हायची शक्यता जास्त असते त्यामुळे वर्षभर तरी खोकताना फुगवटा येतोय का बघत राहायचं.

टाके कधी काढणार?

पोटाच्या मधल्या छेदाचे साधारण १० ते १४ दिवसांनी. डायबिटीस, स्टिरॉइड, कुपोषण असेल तर अजून थोडे उशिरा.

पुढे पिशवी बंद करायचं ऑपरेशन आहे, तेव्हा परत पिकेल का?

शक्यता असते, पण यावेळी वेळ तुमच्या हातात आहे, जी पहिल्यांदा नव्हती. साखर आटोक्यात, तंबाखू किमान चार आठवडे आधी बंद, हिमोग्लोबिन आणि वजन सावरलेलं. आणि पहिल्या वेळचा डिस्चार्ज कागद आणि पू तपासणीचा रिपोर्ट, ज्यात कुठला जंतू आणि कुठलं औषध लागू पडतं ते लिहिलेलं असतं, तो फाईलच्या तळाशी न ठेवता वर ठेवा आणि नवीन सर्जनला पहिल्याच भेटीत दाखवा, कारण अँटिबायोटिक कुठलं निवडायचं ते त्यावरून बदलू शकतं.